दम आहे, नडगी तयार नाही

पत्र: नमस्कार मॅडम. मी नाशिकला असते. वय ४१, शाळेत शिक्षिका आहे. पाच वर्षांपासून सायकल चालवते. गेल्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या, वेळेत संपवून एसआर (एकाच हंगामात या चारही पूर्ण करणाऱ्याला मिळणारा 'सुपर रँडोनर' किताब) पूर्ण केलं. मैत्रिणींच्या आग्रहावरून सप्टेंबरच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला (२१ किलोमीटर) नाव नोंदवलं. एप्रिलमध्ये पहिल्यांदा पळायला गेले आणि सहज १२ किलोमीटर झाले. धाप लागली नाही, गप्पा मारत पळत होते. पण पुढचे तीन दिवस जिना उतरता येईना. ते ओसरल्यावर आठवड्यातून चारदा पळायला लागले, तर आता उजव्या नडगीला आतल्या बाजूने दुखतंय. ग्रुपमध्ये कुणी म्हणतं, सायकलचे तीन किलोमीटर म्हणजे पळण्याचा एक, तुझी तयारी केव्हाच झालीय. कुणी म्हणतं, सायकल बंद केल्याशिवाय पळणं जमणार नाही. खरं काय? आषाढीच्या आधीची पंढरपूर सायकल वारी सोडू का? आणि जानेवारीत मुंबईला फुल मॅरेथॉन (४२ किलोमीटर) पळायचं मनात आहे, ते जमेल का?

उत्तर:

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात: धाप लागली नाही, गप्पा मारत पळत होते. नव्याने पळू लागणाऱ्या प्रत्येकाला आम्ही प्रशिक्षक सांगतो की बोलता येईल इतक्याच वेगाने पळा. ज्याला दम नाही अशा माणसासाठी हा सल्ला उत्तम आहे. दोन किलोमीटरवर त्याला धाप लागते, तो चालायला लागतो आणि नकळत त्याची हाडं वाचतात. तुमच्या बाबतीत हा राखणदार जागेवर नाही. रात्रभर सायकल चालवून ६०० किलोमीटर संपवणाऱ्या बाईला धाप थांबवू शकत नाही. म्हणून ती पहिल्याच दिवशी १२ किलोमीटर पळून येते आणि पायांनी कधीच न केलेलं काम एका सकाळी त्यांच्याकडून करून घेते. पुढचे काही महिने किती पळायचं हे दमाला विचारू नका. घड्याळाला विचारा आणि नडगीला विचारा.

आधी नडगीचंच बोलू, कारण ते थांबू शकत नाही. खुर्चीत बसा आणि नडगीच्या आतल्या कडेवर बोटाने दाबत घोट्याकडून वर जा. दुखणं चांगलं पाच-सात सेंटीमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल, पळायला सुरुवात करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हा शिन स्प्लिंट्सचा, म्हणजे जास्त भारामुळे नडगीच्या कडेला येणाऱ्या दुखण्याचा प्रकार आहे. भार कमी केला की तो बरा होतो. पण दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, नुसतं चालतानाही जाणवत असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे वारंवार पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेल्या बारीक चिरेची शंका घ्यावी लागते. त्या स्थितीत एक किलोमीटरही पळू नका. हाडांच्या किंवा क्रीडावैद्यक डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे पुष्कळदा स्वच्छ येतो, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. गरज वाटली तर डॉक्टर एमआरआय सांगतील. पहिल्या प्रकारचं दुखणं वाटलं तरी मी तुम्हाला एकदा दाखवूनच या म्हणेन. जाताना हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्वाच्या तपासण्यांबद्दल विचारा आणि पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा. खूप व्यायाम करून त्या मानाने कमी खाणाऱ्या बायकांमध्ये पाळी आणि हाडं दोन्हींवर परिणाम होतो. आणि सायकलवर दिवसभर असताना आपण किती कमी खाल्लं हे लक्षातही येत नाही.

महिनाभरातच दुखणं यावं यात नवल नाही. हाडावर नवा भार पडू लागला की शरीर आधी त्या जागचं जुनं हाड खरवडून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. खरवडणं काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र महिने लागतात. पूर्ण फेरा साधारण तीन ते चार महिन्यांचा असतो. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा थोडी कमकुवतच असते. सैन्यात नव्याने भरती झालेल्या तरुणांनाही स्ट्रेस फ्रॅक्चर होतात ती बरीचशी प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच. तुम्ही नेमक्या त्याच नाजूक काळात आठवड्यातून चारदा पळत होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ: सायकलचं काय सोबत येतं? पुष्कळ काही येतं. पाच वर्षांत तुमचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकलंय, अंगातल्या रक्ताचं प्रमाण वाढलंय, तासन्‌तास चरबी जाळून चालत राहायची शरीराला सवय लागलीय. आपण सायकलवर आहोत की पायांवर, याच्याशी हृदयाला फारसं देणंघेणं नसतं. शिवाय पहाटे तीन वाजता, अंग दुखत असताना, पुढच्या कंट्रोलपर्यंत (वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यापर्यंत) शांतपणे जात राहणं तुम्हाला येतं. ते कोणत्याही प्लॅनमध्ये लिहून देता येत नाही. ज्याने कधीच काही केलेलं नाही त्याला हाफसाठी दम कमवायला जे महिने लागतात ते तुमचे वाचले आहेत.

जे सोबत येत नाही ते गुडघ्याखाली सगळ्यात जास्त आहे. सायकलवर पाऊल पेडलला टेकलेलं असतं, वजन सीट आणि हँडल उचलतात. मांडीचे स्नायू आखडत जोर लावतात आणि सोडतात. आदळणं कुठेच नाही. पळताना प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर हवेत असतं आणि मग एका पायावर उतरतं. त्या क्षणी पायावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. तुमचं वजन ५५ किलो धरलं तर सव्वाशे-दीडशे किलो. तुमच्या वेगाने २१ किलोमीटरला साधारण २४ हजार पावलं पडतील, म्हणजे एकेका पायाला १२ हजार वेळा हे झेलायचं. त्यात पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध ताणले जाता जाताच भार पेलतात आणि लगेच उसळून परत देतात. हे काम सायकलने त्यांना कधी दिलंच नाही. बुटाच्या कडक तळव्यामुळे पावलाच्या आतले छोटे स्नायूही आजवर निवांत होते.

अमेरिकी सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचं उदाहरण घ्या. त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं पुढे २०१२ मध्ये उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात काढून घेतली गेली, पण २००६ साली जेव्हा तो न्यूयॉर्क मॅरेथॉनला उभा राहिला तेव्हा त्याच्या दमाबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्याला २ तास ५९ मिनिटं ३६ सेकंद लागले. वेळ उत्तमच आहे. पण आयुष्यात केलेलं हे शारीरिकदृष्ट्या सगळ्यात कठीण काम, असं तो संपल्यावर म्हणाला आणि तक्रार होती ती पोटऱ्यांची आणि नडग्यांची. कॅनडाचा मायकेल वुड्स उलट्या दिशेने गेला. तरुणपणी तो धावपटू होता, २००५ मध्ये एक मैल ४ मिनिटांच्या आत पळाला होता. पावलाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरनी त्याचं पळणं थांबवलं. मग तो सायकलकडे वळला आणि २०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये पुई द डोम या डोंगराच्या चढावर संपणारा टप्पा जिंकला. त्याचा दम जसाच्या तसा कामी आला आणि जो पाय आदळणं सहन करू शकत नव्हता त्याला सायकलवर आदळावंच लागलं नाही. या दोघांकडे पाहिलं की दम आणि हाडं यांचा हिशेब वेगळा का ठेवायचा ते समजतं.

त्यामुळे 'तीनास एक' हा तुमच्या ग्रुपचा नियम फक्त खर्च झालेल्या शक्तीपुरता ढोबळमानाने चालतो. किती खायचं, आठवड्याभरात शरीर एकूण किती थकलं, हे पाहायला वापरा. नडगीच्या वहीत मात्र सायकलचा एकही किलोमीटर लिहिता येत नाही. एप्रिलमध्ये तुमचा दम ६०० किलोमीटरवाला होता आणि नडगी पहिल्या दिवसाची होती.

सायकल बंद करायला सांगणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. सायकल सोडलीत तर असलेला दम घटेल आणि तो टिकवण्यासाठी तुम्हाला जास्त पळावं लागेल, म्हणजे पुन्हा नडगीवरच बोजा. वाटणी अशी करा: दमाची सगळी कामं सायकलवर आणि पायांची कामं रस्त्यावर. जोरदार इंटरव्हल्स (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू), चढावरची मेहनत, तीन-चार तासांचा लांब दिवस हे सायकलवर राहू दे. त्र्यंबकचा रस्ता तुमच्या पायाखालचा आहेच. पळणं तेवढं हळू, छोटं आणि नियमित ठेवा.

दुखणं पूर्ण थांबलं आणि भरभर अर्धा तास चालून काहीच जाणवलं नाही की सुरुवात करा. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं २५ मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. लागोपाठ दोन दिवस कधीच नाही. तुम्हाला हे फार कमी वाटेल, घरी परत येताना अजून कितीही पळू शकले असते असं वाटेल. तसंच वाटायला हवं. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, मग हळूहळू सलग २० मिनिटं. जागा म्हणाल तर गोल्फ क्लब मैदानाचा किंवा कृषिनगरचा ट्रॅक. सुरुवात तिथे करा, पण सगळं पळणं मऊ जमिनीवर ठेवू नका, कारण साताऱ्याला डांबर आहे आणि पायांना त्याचीही ओळख हवी. सलग पळणं जमू लागलं की आठवड्यातला एक दिवस लांब पळण्याचा ठेवा आणि तो दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवा. दर चौथा आठवडा हलका ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना नडगी बोलली तर त्या आठवड्यात वाढ करू नका.

लांब दिवशी एक युक्ती आहे. समजा प्लॅनमध्ये ८ किलोमीटर आहेत आणि तुमचा दम त्याच्या दुप्पट मागतोय. मग ८ पळा, घरी या, काहीतरी खा आणि दीड-दोन तास सायकलवर आरामात फिरून या. हृदयाला तीन तासांचं काम मिळतं, हाडांना आठच किलोमीटरचं. क्रम मात्र हाच ठेवा. आधी सायकलने पाय थकवून मग पळलात तर पावलं वेडीवाकडी पडतात. पोहणं, सायकल आणि पळणं लागोपाठ करणाऱ्या ट्रायथलॉनवाल्यांना तो सराव करावा लागतो, तुम्हाला सध्या गरज नाही.

सायकलवरची एक सवय थेट कामाला येईल. तुम्ही मिनिटाला ८५ च्या आसपास पेडल फिरवत असाल तर तोच ताल दोन्ही पाय मिळून १७० पावलांचा होतो आणि पळायला तो छान आहे. दमदार सायकलपटू पळायला लागले की लांब ढांगा टाकतात, कारण मांड्यांत जोर असतो. मग पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडतं आणि गुडघ्यावर, नडगीवर धक्का वाढतो. वेग तोच ठेवून मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवलीत की गुडघ्यावरचा भार कमी होतो. घड्याळातले हार्ट रेट झोन (ठोक्यांचे ठरवलेले टप्पे) मात्र सायकलवरचे उचलून वापरू नका. तेवढ्याच श्रमाला पळताना ठोके साधारण पाच-दहा जास्त पडतात, कारण सगळं शरीर उचलून न्यायचं असतं. आकडा वाढलेला बघून घाबरू नका.

व्यायाम थोडेच सांगते, पण ते टाळू नका. जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, आधी दोन्ही पायांवर, मग एका पायावर. काही फेऱ्या गुडघा सरळ ठेवून आणि काही किंचित वाकवून, कारण पोटरीतला खोल स्नायू गुडघा वाकवल्यावर जास्त काम करतो. एका पायाने पायरीवरून सावकाश खाली उतरणं. पाठीवर झोपून एका पायावर कंबर उचलणं. आठवड्यातून दोनदा, पळण्याच्या दिवशीच, म्हणजे विश्रांतीचा दिवस खराखुरा विश्रांतीचा राहील. बूट आरामदायक वाटतील ते घ्या, तळव्यात कडक कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूट नकोत.

साताऱ्याचा रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर सांगते, कारण तुमच्यासाठी धोका भलत्याच जागी आहे. शहरातून बाहेर पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो, कासच्या दिशेने चढत जायचं आणि त्याच रस्त्याने परत उतरायचं. पळणारे लोक चढाला घाबरतात. तुम्हाला चढ आवडेल. चढावर पळणं सायकलिंगच्या बरंच जवळचं आहे: आदळणं कमी, मांड्या आखडून जोर लावतात आणि दम कामी येतो. तुम्ही तिथे पुष्कळांना मागे टाकाल, आणि तिथेच मोह होईल. खरी परीक्षा परतीच्या उतारावर आहे. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करतात, म्हणजे ताणले जात असताना जोर लावतात. याने स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं शिगेला पोहोचतं. एप्रिलमध्ये तुम्हाला जिना का उतरता येत नव्हता ते यावरून कळेल. घाटातून सायकलने उतरताना मांड्या विश्रांती घेतात, त्यामुळे कसाऱ्याचे कितीही उतार उतरला असलात तरी या कामाचा सराव तुम्हाला शून्य आहे.

यावर सुदैवाने एक चांगला उपाय आहे. उतारावरचं थोडंसं पळणं एकदा झालं की स्नायू पुढचे काही आठवडे तशा इजेपासून बरेच सुरक्षित राहतात. ही सवय लवकर लागते, हाडांसारखे महिने घेत नाही. म्हणून सलग ४० मिनिटं दुखण्याशिवाय पळता येऊ लागल्यावर, साधारण जुलैच्या अखेरीस, एखादा बेताचा उतार शोधा. चारशे-पाचशे मीटर पळत उतरायचं, चालत चढायचं, तीन वेळा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा, चार-पाच वेळा. शेवटचा असा सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी, त्यानंतर नाही. उतरताना मागे रेलू नका, टाच पुढे टाकून ब्रेक लावू नका, पावलं छोटी आणि भराभर ठेवा. शर्यतीच्या दिवशी घाट चढताना वाटेल त्यापेक्षा हळू चढा. पाऊस असेल, रस्ता ओला असेल, उतारावर पुढच्याला गाठायची घाई करू नका.

खाण्यापिण्याबाबत दोनच गोष्टी. सायकलवर तुम्ही कंट्रोलला थांबून पोहे, केळी, चिक्की खाता आणि पोट कुरकुरत नाही. पळताना पोट हिंदकळतं, तेच पदार्थ पचत नाहीत, म्हणून शर्यतीत जे घ्यायचं ते लांब पळण्याच्या दिवशी थोडं थोडं घेऊन पाहा. आणि सायकलवर ताशी २५ किलोमीटरचा वारा अंगाला गार ठेवतो. ताशी आठ-नऊने पळताना तो वारा नसतो. घाम दिसेल त्यापेक्षा आधी पाणी लागेल.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण ४१ व्या वर्षी ती कळायलाच हवी. वर्षानुवर्षं फक्त रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांच्या हाडांची घनता, विशेषतः कमरेच्या मणक्यांची, अनेक अभ्यासांत कमी आढळली आहे. हाडं बळकट व्हायला भार आणि धक्का लागतो, आणि सायकल नेमका तोच वाचवते. रजोनिवृत्तीनंतर बायकांची हाडं वेगाने झिजतात, तेव्हा त्याआधीची ही वर्षं फार मोलाची आहेत. म्हणून तुम्ही पळायला लागलात याचा मला मनापासून आनंद झाला. सातारा झालं नाही तरी पळणं सोडू नका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरे. नाशिकमध्ये, विशेषतः इथल्याच महाजन बंधूंनी २०१५ ला रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केल्यानंतर, लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या बायका मला दरवर्षी अधिक दिसतात. त्यातल्या प्रत्येकीने हे ऐकावं असं मला वाटतं.

वारीला जरूर जा. डॉक्टरांनी सायकलला हरकत घेतली नाही तर तुमच्या नडगीसाठी ते दिवस चांगलेच आहेत, दम टिकेल आणि हाडाला सुट्टी मिळेल. वारीहून आल्यावर दोन दिवस पळू नका, थकलेल्या पायांनी पावलं नीट पडत नाहीत.

जानेवारीच्या फुलला माझं उत्तर नाही असं आहे. दमाचा विचार केला तर तुम्ही आजही ४२ किलोमीटर रेटून नेऊ शकाल आणि मला भीती तीच आहे. सप्टेंबरपर्यंत हाडाचा जेमतेम एक फेरा पूर्ण होईल. त्याच्यावर लगेच ३० किलोमीटरची लांब पळणी लादली तर एप्रिलचीच गोष्ट मोठ्या आकड्यांत घडेल. जानेवारीत मुंबईला हाफ पळा. सी लिंकवरून सकाळी पळायला मिळेल आणि सपाट रस्त्यावर २१ किलोमीटर पाय कसे वागतात ते कळेल. वर्षभर विनादुखापत पळणं झालं की त्यापुढच्या जानेवारीत फुल.

आणि साताऱ्याचंही मी आज नक्की म्हणत नाही. नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं तर यंदाचा सप्टेंबर सोडून द्यावा लागेल. निघालं नाही तर १६ आठवडे पुरेसे आहेत. अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या, तोवर एकही दिवस पळू नका, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा, पुढचे आठवडे त्याप्रमाणे आखून देते.